परदेशी पोलिसांना संघटित गुन्हेगारीविरुद्ध सल्ला देणारे लोक तिथे जाऊन नेमकं करतात काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका देशाचे तज्ज्ञ दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या पोलिसांना आंतरराष्ट्रीय टोळ्यांशी कसं लढायचं हे शिकवतात म्हणजे काय करतात, त्यातून काही निष्पन्न होतं की नुसतेच दौरे आणि भत्ते, आणि पोलिस खात्यात असलेल्या तुमच्या भावाला अशा कामात जायचं असेल तर त्याने काय करावं?

मी वर्दीतला माणूस नाही. आर्थिक तपास हा माझा विषय, आणि अशा सल्लागार पथकांमध्ये पैशांची बाजू बघणारा म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आहे. दौरे आणि भत्ते असतातच, त्यात खोटं काही नाही. पण या कामाचं जे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणजे काळे कपडे, हेल्मेट, दार फोडून आत शिरण्याचं प्रशिक्षण, ते या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. माझं मत विचाराल तर सगळ्यात कमी उपयोगाचाही.

धाड घालणं जवळपास प्रत्येक देशाच्या पोलिसांना येतं. अडतं ते त्यानंतर. माल पकडला जातो, दोन हमाल आणि एक ड्रायव्हर आत जातात, पेपरात फोटो येतो, आणि ज्याचा माल होता तो तिसऱ्याच देशात बसून पुढची खेप लावतो. त्या तिसऱ्या देशाच्या कोर्टात टिकेल असा एकही कागद या सगळ्या गडबडीत तयार झालेला नसतो. सल्लागाराने तिथे जाऊन करायचं ते हे: तो कागद तयार होईल असं बघायचं, आणि तयार होईपर्यंत त्याची बातमी फुटणार नाही असं बघायचं. निव्वळ मारामारीचं कौशल्य कुठे जाईल याचा नेम नसतो. मेक्सिकोतली लॉस सेटास ही टोळी उभी राहिली तीच मुळात लष्कराच्या विशेष दलातून पळालेल्या जवानांवर.

कायद्याची चौकट आहे, आणि ती वाईट नाही. संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार २००० साली मंजूर झाला, २००३ पासून लागू आहे. तीन किंवा अधिक माणसांचा काही काळ टिकलेला गट, आर्थिक वा भौतिक फायद्याचा हेतू, आणि किमान चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा, अशी त्याची ढोबळ व्याख्या. ती मुद्दामच सैल ठेवली आहे. प्रत्यार्पण, परस्पर कायदेशीर साहाय्य (म्हणजे एका देशाने दुसऱ्याच्या तपासासाठी पुरावे मिळवून देणं), संयुक्त तपास पथकं, कंट्रोल्ड डिलिव्हरी (म्हणजे माल पकडायचा नाही, नजर ठेवून पुढे जाऊ द्यायचा) हे सगळं त्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या तपास अधिकाऱ्याला मात्र आपल्या देशाने यावर सही केली आहे याचा पत्ता नसतो. त्याला वाटतं, बाहेरच्या देशाचं काम म्हणजे इंटरपोलला कळवायचं आणि वाट बघायची. इंटरपोल कुणाला अटक करत नाही. रेड कॉर्नर नोटीस हे वॉरंटही नाही. सदस्य देशांना ती केलेली विनंती आहे, आणि तिचं काय करायचं हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. ही एवढी गोष्ट समजावण्यात पहिला दिवस जातो.

आता एक जवळून दाखवण्यासारखी गोष्ट. समुद्रमार्गे कोकेन पाठवण्याची एक रुळलेली पद्धत आहे. कुणाचा तरी कायदेशीर मालाचा कंटेनर निवडायचा, बंदरात त्याचं सील तोडायचं, दारालगतच कोकेनच्या बॅगा टाकायच्या आणि नवं सील लावायचं. माल उतरतो त्या बंदरातली आपली माणसं सील तोडून बॅगा काढतात आणि पुन्हा एक सील लावतात. मालाच्या मालकाला शेवटपर्यंत काही कळत नाही. त्यामुळे पकडलेल्या बॅगेत पाकिटांबरोबर बरेचदा एक जादा सील सापडतं, उतरवणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेलं, मूळ सीलचाच नंबर घातलेलं.

अशी एक बॅग उघडली जात असताना मी तिथे होतो. पाकिटं टेबलावर मांडली गेली, वजनकाटा आला, साहेबांसाठी मागे झेंडा लावला गेला. सील बॅगेतून खाली पडलं होतं, ते कुणीतरी उघड्या हाताने उचललं आणि कटरच्या पेटीत टाकलं. त्या खोलीतला सगळ्यात मोलाचा पुरावा तो होता. नंबर आधीच घातलेलं सील बॅगेत होतं, म्हणजे मूळ सीलचा नंबर बॅग भरण्याआधी कुणालातरी कळलेला होता. तो नंबर कुठे असतो? बिल ऑफ लेडिंगवर (म्हणजे जहाजाने नेण्याच्या मालाच्या पावतीवर), पॅकिंगच्या कागदांवर, बंदराच्या संगणकात. तो बघू शकणारी माणसं मोजकी. संगणकात कुणी, किती वाजता तो कंटेनर उघडून पाहिला याची नोंद राहते. शिवाय सीलवर बोटांचे ठसे आणि डीएनए मिळू शकतो, तो वेगळाच. पाकिटांवरून तुम्ही हमालापर्यंत पोचता, सीलवरून आतल्या माणसापर्यंत.

त्या दिवशी आमच्या पथकातल्या सीमाशुल्काच्या बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी हातमोजे घातले, सील पेटीतून काढून वेगळ्या पाकिटात घातलं, आणि पंचनाम्यात त्याचा नंबर आहे का एवढंच विचारलं. नव्हता. पुढचे दोन दिवस त्या बंदरात आम्ही पंचनामा कसा लिहायचा एवढंच केलं. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय आणि जागतिक सीमाशुल्क संघटना २००४ पासून मिळून कंटेनर तपासणीचा कार्यक्रम चालवतात. पोलिस आणि सीमाशुल्क यांना एका खोलीत, एकाच संगणकासमोर बसवायचं, ही त्याची मुख्य कल्पना. ऐकायला बाळबोध वाटेल. पण एकाच बंदरात एकमेकांच्या खात्याशी वर्षानुवर्षं न बोललेले अधिकारी मी पाहिले आहेत.

यंत्रांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात: स्कॅनर येतो, फीत कापली जाते, दोन वर्षांनी सॉफ्टवेअरचा परवाना संपतो आणि तो कुणाच्या बजेटमधून भरायचा यावर फाइल फिरत राहते.

पैशांच्या बाबतीत मी नेहमी इटलीतले माफियाविरोधी तपास न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापासून सुरुवात करतो. १९८० च्या सुमाराला पालेर्मोत हेरॉइनच्या एका प्रकरणाचा तपास त्यांच्याकडे आला. साक्षीदार बोलायला तयार नव्हते. त्यांनी शहरातल्या बँकांकडून परकीय चलन बदलल्याच्या पावत्या मागवल्या आणि त्या एकेक करून स्वतः तपासल्या. हेरॉइन अमेरिकेत जात होतं, म्हणजे डॉलर परत येत असणार, आणि ते कुठेतरी लिऱ्यात, म्हणजे इटलीच्या तेव्हाच्या चलनात, बदलले जात असणार. साक्षीदाराला धमकावता येतं; बँकेच्या पावतीला येत नाही. पुढे माफियातलाच तोम्मासो बुशेत्ता ब्राझीलहून १९८४ मध्ये इटलीत आणला गेला आणि बोलायला लागला. १९८६ ते ८७ च्या पालेर्मोच्या महाखटल्यात तीनशेहून अधिक जण दोषी ठरले, आणि न्यू यॉर्कमधल्या ‘पिझ्झा कनेक्शन’ या हेरॉइनच्या खटल्यातही बुशेत्ताने साक्ष दिली. दोन देशांचे वकील आणि पोलिस तेव्हा एकमेकांना नावाने ओळखत होते, एकमेकांचे कागद वाचत होते. फाल्कोने २३ मे १९९२ रोजी कापाचीजवळ बॉम्बस्फोटात मारले गेले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पावत्यांची माहीत नसते, आणि मला शिकवायच्या असतात त्या पावत्या.

परदेशी बँकेची माहिती मागवण्याचं पत्र कसं लिहायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ‘सदर इसमाच्या आपल्या देशातील सर्व खात्यांचा तपशील त्वरित मिळावा’ असं पत्र गेलं की ते परत येणार, किंवा उत्तरच येणार नाही. कोणतं खातं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, गुन्हा कोणत्या कलमाखाली, त्या गुन्ह्याशी या खात्याचा संबंध कशावरून, खातेदाराला कळू नये असं हवं असेल तर तसं स्पष्ट, आणि आपल्याकडे सुनावणीची तारीख कधी आहे ते, एवढं लिहिलं की समोरच्या देशातल्या वकिलाला आपल्या न्यायाधीशासमोर उभं राहता येतं. त्याआधी दोन्ही देशांच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागांनी (म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयांनी) आपापसात अनौपचारिक विचारणा करायची असते. एग्मॉन्ट ग्रुप ही अशा विभागांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ पासून त्याचसाठी आहे. त्यातून आलेली माहिती दिशा दाखवायला वापरायची, कोर्टात दाखल करायला नाही. हा फरक पाळला नाही तर पुढच्या वेळी समोरचा फोन उचलत नाही.

दोन देशांचे कायदे जुळत नाहीत, हे दुसरं दुखणं. एनक्रोचॅटचं उदाहरण घ्या. गुन्हेगारांत लोकप्रिय असलेली ही कूटबद्ध फोनसेवा फ्रेंच पोलिसांनी फोडली. सेवा २०२० मध्ये बंद पडली, आणि जून २०२३ पर्यंत जगभरात ६,५०० हून अधिक अटका झाल्याचं युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस सहकार्य संस्थेने, जाहीर केलं. पण इंग्लंडमध्ये प्रवासात असताना टिपलेलं संभाषण सहसा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मग हे संदेश जाता जाता टिपले की फोनमध्ये साठवलेले असताना काढले, यावर तिथे रण माजलं. २०२१ मध्ये अपील कोर्टाने ते साठवलेले होते असं ठरवलं आणि खटले वाचले. आपण गोळा केलेली माहिती दुसऱ्या देशात कशी वाचली जाईल, याचा विचार ती गोळा करायच्या आधी करावा लागतो तो यासाठी.

फाशीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये भारताच्या हवाली केलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर, आणि ती हमी सरकारला पाळावीच लागेल असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. ते निदान कागदोपत्री झालं होतं. ऑस्ट्रेलियाच्या संघीय पोलिसांनी २००५ मध्ये बालीतून हेरॉइन आणणाऱ्या आपल्याच नऊ नागरिकांची माहिती इंडोनेशियाच्या पोलिसांना दिली. त्यातल्या दोघांना २०१५ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. माहिती देणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. तरी माझ्या प्रशिक्षणात यावर जेवढा वाद होतो तेवढा कशावरच होत नाही, आणि मी तो मिटवायला जात नाही.

आता बातमी फुटण्याबद्दल. मार्च २०११ मध्ये मेक्सिकोतल्या आयेंदे गावात सेटासच्या लोकांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, डझनावारी, कदाचित शेकडो माणसं मारली. टोळीच्या म्होरक्यांच्या ब्लॅकबेरी फोनचे ओळख क्रमांक अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने मिळवले होते आणि मेक्सिकोच्या पोलिसांतल्या, खास पारखून निवडलेल्या तुकडीला दिले होते. तिथून ते टोळीपर्यंत पोचले. आणि वरच्या पातळीचं काय सांगावं? २००६ ते २०१२ मेक्सिकोचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री असलेले हेनारो गार्सिया लूना यांच्याशी अमेरिकी अधिकारी वर्षानुवर्षं हातात हात घालून काम करत होते. सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा ३८ वर्षांहून अधिक.

यावर उपाय म्हणून पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी), पार्श्वभूमी तपासणी, वेगळा पगार हे सगळं होतं. माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे. चाळणीतून एकदा गेलेला माणूस कायमचा स्वच्छ राहत नाही. त्याच्या मुलाची शाळा कुठे आहे हे टोळीला कळलं की खेळ बदलतो. जास्त उपयोगी पडतं ते साधं काम: कुठली माहिती कुणी पाहिली याची नोंद, प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दाखवणं, आणि गळती झाली तर ती कोणत्या टेबलावरून झाली हे काढता येईल अशी व्यवस्था.

निष्पन्न काय होतं? ग्वाटेमालाकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने तिथे २००७ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग काम करत होता. बाहेरून आलेले वकील आणि तपासनीस तिथल्या सरकारी वकिलांच्या शेजारी बसून खटले उभे करत. २०१५ मध्ये सीमाशुल्क घोटाळ्याच्या तपासातून आधी उपराष्ट्राध्यक्षांना आणि मग राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांना राजीनामा द्यावा लागला. इतकं यश कुठल्याच सल्लागार पथकाच्या वाट्याला सहसा येत नाही. पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या सरकारने आयोगाला मुदतवाढ नाकारली, २०१९ मध्ये आयोग बंद झाला, आणि त्यानंतर आयोगाबरोबर काम केलेल्या कित्येक वकिलांना आणि न्यायाधीशांना देश सोडून जावं लागलं. सल्लागारांनी सामान आवरलं आणि ते आपापल्या घरी गेले. तिथल्या माणसांना ती सोय नव्हती. अहवालात ‘इतक्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण’ असा आकडा लिहिणाऱ्यांना मी म्हणूनच विचारतो की त्यातले आज त्याच खुर्चीवर किती आहेत.

तुमच्या भावाबद्दल. बाहेर जाण्याचे मार्ग मुख्यतः तीन: संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांमधली पोलिस पदं, दूतावासातलं संपर्क अधिकाऱ्याचं पद, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कंत्राटी जागा. पहिल्या दोन खात्यामार्फतच मिळतात. इंग्रजी पक्कं हवं, आणि फ्रेंच किंवा स्पॅनिश येत असेल तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. कमांडो कोर्सपेक्षा आर्थिक गुन्हे किंवा सायबर शाखेतली चार वर्षं जास्त कामाची. आणि स्वतःच्या हाताने तपासलेलं एक प्रकरण एफआयआरपासून अपिलापर्यंत तोंडपाठ हवं. पथकासाठी माणसं निवडायला मला बसवतात तेव्हा मी पकडलेल्यांबद्दल विचारत नाही. तुमचा शेवटचा आरोपी सुटला तो कोणत्या कागदामुळे, एवढंच विचारतो. याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याचं नाव मी पुढे पाठवतो.