'स्टीम मिल'ला मराठीत वाफेची गिरणी म्हणावं का?

सिडनीत राहणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय. ती तिथल्या मंडळाच्या अंकासाठी गावातल्या पहिल्या स्टीम मिलबद्दल टिपण लिहितेय, म्हणजे जॉन डिक्सनची पिठाची मिल, 1815 सालची. तिने 'वाफेची गिरणी' लिहिलं तर घरात प्रश्न आला की ही गिरणी वाफ काढते का? मग बाष्पगिरणी, वाफचक्की, की सरळ स्टीम मिलच ठेवावं?

माझं स्पष्ट मत, वाफेची गिरणीच लिही, बिनधास्त. आपल्या '-ची' वर एवढा अविश्वास का दाखवायचा? पिठाची गिरणी म्हणजे जिच्यातून पीठ बाहेर पडतं ती, भाताची गिरणी म्हणजे जिच्यात भात आत जातो आणि तांदूळ बाहेर येतो ती, डिझेलची गिरणी म्हणजे डिझेलवर चालते ती, आणि पाटलांची गिरणी म्हणजे पाटलांच्या मालकीची. चार ठिकाणी चार नाती आणि आजवर कुणी पाटलांची गिरणी म्हटल्यावर पाटलांचं पीठ करतात का असं विचारलेलं नाही. वाक्यात एकदा गहू आला की वाफेची म्हणजे वाफेवरची हे कुणालाही कळतं, त्यातूनही शंका वाटली तर पहिल्या उल्लेखाला 'वाफेवर चालणारी पिठाची गिरणी' लिही आणि पुढे वाफेची गिरणी. बाष्पगिरणी मात्र नको, बाष्प म्हटलं की शाळेतला बाष्पीभवनाचा धडा समोर येतो, दळणाचा वास येत नाही त्या शब्दाला.

आता वाफचक्की का नको, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्रजीत हाताने फिरवा, वाऱ्याने फिरवा, वाफेने फिरवा, सगळ्याला मिलच, पुढे लाकूड कापायला लागली आणि सूत कातायला लागली तरी मिलच. आपण मात्र फिरवणारा कोण ते बघून नाव बदलतो. घरात बाईच्या हाताने फिरतं ते जातं. बैल फिरवतो तो तेलाचा घाणा. पाण्यावर किंवा वाऱ्यावर चालते ती चक्की, म्हणून संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आहे आणि साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या (त्या आज दाणाही दळत नाहीत, वीज करतात, तरी नावातली चक्की राहिलीच). आणि इंजिन आलं की गिरणी. 'घरात गिरणी घेतली' असं कुणी म्हटलं तर आपल्या डोळ्यासमोर मोटर येते, खुंटा येत नाही.

आणि गंमत बघ, सिडनीचा दळणाचा अख्खा इतिहास या आपल्या शब्दांच्या पायऱ्यांवर चढत जातो. 1788 ला वसाहत झाली तेव्हा जहाजांतून आणलेली हाताने फिरवायची लोखंडी जाती होती आणि ती भराभर झिजली. मग 1797 ला सरकारी पवनचक्की उभी राहिली, आज जिथे वेधशाळेची टेकडी आहे तिथे, त्या टेकडीला तेव्हा चक्कीवरूनच नाव पडलं होतं आणि शेजारच्या मिलर्स पॉइंट भागात विंडमिल स्ट्रीट अजून आहे. वाऱ्याचा भरवसा नाही, पडला की दळण थांबलं, आणि गावातून वाहणारा टँक स्ट्रीम म्हणजे छोटासा ओढा, त्याच्यावर मोठी पाणचक्की कुठून चालणार. अशा गावात ऑक्टोबर 1813 मध्ये अर्ल स्पेन्सर जहाजातून हा डिक्सन उतरला, पेशाने इंजिनिअर, आणि सोबत चक्क वाफेचं इंजिन. गव्हर्नर मॅक्वारीने त्याला आजच्या डार्लिंग हार्बरच्या टोकाला सुमारे 15 एकर जमीन दिली (तेव्हा त्या खाडीला कॉकल बे म्हणत) आणि 29 मे 1815 ला गव्हर्नरच्या उपस्थितीत गिरणी सुरू झाली. ऑस्ट्रेलियातलं पहिलं वाफेचं इंजिन ते हेच, आणि ते लागलं कशाला तर गहू दळायला! खुद्द लंडनला अल्बियन मिल नावाची वाफेची मोठी पिठाची गिरणी 1786 ला सुरू होऊन 1791 ला जळून गेली होती, म्हणजे ही कल्पना काही फार जुनी नव्हती. आपल्याकडे तेव्हा पेशवाई चालू होती.

एक आणखी. 1820 च्या दशकात सिडनीत कैद्यांकडून पायाने फिरवायची चक्की आली, मोठ्या चाकाच्या पायऱ्यांवर कैदी चढत राहायचे आणि त्या फिरण्यावर धान्य दळलं जायचं. ट्रेडमिल. आज जिममध्ये पळतो त्या मशीनचं नाव या चक्कीवरूनच आलंय. आपण 'तुरुंगात चक्की पिसायला गेला' म्हणतो, तिथे ते शब्दशः खरं होतं, आणि वाफेची गिरणी चालू झाल्यानंतरही माणसांना असं राबवलं हे वाचून मला वाईटच वाटलं. टिपणात हे जरूर घे, आणि तिथे चक्कीच लिही, गिरणी नको.

अजून एक पर्याय सुचतो पण तो वापर असं म्हणणार नाही. आपल्या लोकांनी स्टीमबोटला आगबोट म्हटलं, ट्रेनला आगगाडी म्हटलं, साहेबाला वाफ दिसली आणि आपल्याला आग, जे डोळ्याला दिसलं ते नाव. त्या हिशोबाने आगगिरणी व्हायला हवं होतं, किती ठसकेबाज वाटतं! पण तो शब्द रुळलेला नाही, आणि इकडे 1850 च्या दशकात मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची सुताची मिल निघाली, पुढे कितीतरी मिलचे भोंगे वाजायला लागले, तेव्हा लोकांच्या तोंडी गिरणीच बसली, गिरणगाव, गिरणी कामगार. सूत काढायच्या कारखान्याला दळायच्या यंत्राचं नाव, इंग्रजीसारखंच.

आमच्या गावात वीज यायच्या आधी 'इंजिनची गिरणी' म्हणायचे. पट्ट्याचा फटफट आवाज, डब्यांची रांग, आणि गिरणीवाले काका पडणारं पीठ अंगठा आणि बोटात चोळून बघायचे, जाड वाटलं की चाक जरा आवळायचे. घरी येईपर्यंत डबा हाताला गरम लागायचा. आणि महिन्या दोन महिन्यांनी दगड काढून टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायचे, जात्याला लावतात तशीच. डिक्सनच्या गिरणीतही दळायला दगडच असणार, रोलर फार नंतर आले, म्हणून मिलस्टोनला 'गिरणीचे दगड' म्हण, वरचा फिरणारा आणि खालचा स्थिर.

नावांचं शेवटी. तिकडच्या चायनाटाऊनमधली डिक्सन स्ट्रीट याच माणसाच्या नावावरून आहे, पण इंग्रजीत माणसाचं स्पेलिंग वेगळं आणि रस्त्याचं वेगळं, मधल्या सीके-एसचा एक्स झालाय. देवनागरीत दोन्ही डिक्सन, आपला वाचक आपोआप नातं ओळखेल. जवळच स्टीम मिल लेन आहे, ती तशीच ठेव, पत्त्याचं भाषांतर करू नकोस, फक्त पुढे लिही, 'म्हणजे वाफेच्या गिरणीची गल्ली'.