हत्तीचा पाऊस आणि हातवाला हत्ती

प्रश्न आलाय: ‘नक्षत्राचं वाहन हत्ती असेल तर पडतो तो हत्तीचा पाऊस ना? की हस्ताचा पाऊस म्हणायचं?’

नाही हो! दर सप्टेंबरात कुणीतरी हे वाहनाचं शेपूट जोडतंच. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं. शून्य उरलं की हत्ती. म्हणजे ते दर वर्षी बदलतं. हस्ताच्या वाट्याला गाढव आलं तरी गावात पाऊस हत्तीचाच!

सूर्य 26-27 सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो. दुपारभर घामाच्या धारा, चारला काळे ढग, मग असा गडगडाट की खळ्यावरचं सोयाबीन झाकायला ताडपत्री सापडत नाही. हा परतीचा पाऊस.

आता खरी गंमत. हस्त म्हणजे हात. त्याचे पाच तारे पंजासारखे दिसतात. (हस्ताच्या पावसात वर बघून ते शोधू नका, तिथे सूर्यच बसलेला असतो.) शेतकऱ्याने हस्ताचा हत्ती केला म्हणून पंडित नाक मुरडतात, ‘अपभ्रंश’ म्हणतात. पण हत्ती कुठून आला? हस्तिन्, म्हणजे हात असलेला. सोंड हाच त्याचा हात! प्राकृतात हत्थ आणि हत्थी, मराठीत हात आणि हत्ती. याला चूक म्हणणाऱ्यांनी एकदा हत्तीला ऊस खाताना बघावं.

आणखी मागे जा. ऋग्वेदात हत्ती ‘मृग हस्ती’ आहे, हातवालं जनावर. तेव्हा मृग म्हणजे केवळ हरीण नव्हे, कुठलाही वन्य पशू. शाखामृग म्हणजे माकड, ते त्यातूनच. आपला पावसाळा 7 जूनच्या आसपास मृगाने सुरू होतो आणि हस्ताने आवरतो. दोन टोकं जोडली की मृग हस्ती! योगायोग आहे, ठाऊक आहे मला, पण पावसाळ्याभोवती एवढा मोठा हत्ती उभा दिसल्यावर गप्प कसं बसायचं?

भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात तोही याच हस्ताचा. हादगा हे नावही हस्तावरूनच आलं असं माझं मत. हादग्याच्या झाडावरून आलं म्हणणाऱ्यांनी मग पाटावर झाड का काढत नाहीत ते सांगावं.

हां, लिहायचं काय? पंचांगात हस्ताचा, बांधावर हत्तीचा.