उडी मारताना पाय मागे का जातो?

प्रश्न : मी म्हापशाची, वय २६. हॉटेलात नोकरी, त्यामुळे घोड्यावर बसायला रविवारची सकाळच मिळते. शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी मला चालवायला देतात. अंगाने सडपातळ, स्वभावाने बरी. आम्ही ७० सेंटिमीटरपर्यंत उड्या मारतो. उडीच्या क्षणी माझी पोटरी मागे सरकते, टाच वर येते आणि उतरताना मी तिच्या मानेवर जाते. सर ओरडतात, ‘टाच खाली! गुडघ्यानं धर!’ मी जीव तोडून दोन्ही करते, तर पाय आणखीच मागे जातो. एक मैत्रीण म्हणते, रिकिबी दोरीने तंगाला (पोटाखालून जाणाऱ्या खोगिराच्या पट्ट्याला) बांधून टाक. बांधू का?

उत्तर : बांधू नका, आणि त्या मैत्रिणीलाही बांधू देऊ नका. पडायची वेळ प्रत्येकावर येते, तेव्हा पाय रिकिबीतून चटकन सुटला पाहिजे. तंगाला जखडलेल्या रिकिबीत बूट अडकला तर घोडी तुम्हाला फरफटत नेईल. आणि दोरीने पाय जागेवर राहिला तरी दोरी सोडल्यावर काय?

आता तुमच्या सरांचं. ‘टाच खाली’ हे ठीक. ‘गुडघ्यानं धर’ या हुकमाशी मात्र माझं जुनं भांडण आहे. घोडदळात उस्ताद मंडळी तो इतक्या जोरात द्यायची की विचारायची सोय नसे. हे दोन हुकूम एकदम पाळताच येत नाहीत. गुडघा खोगिरावर आवळला की अंगाचा भार तिथंच अडतो, टाचेपर्यंत पोचत नाही. मग गुडघ्याभोवती सगळा पाय फिरतो: वरचं अंग पुढे कलतं, खालची पोटरी मागे जाते. जितकं आवळाल तितकं ते वाढतं. म्हणून तुम्ही जीव तोडता आणि बिघडतं. घोडी जमीन सोडते तेव्हा बसणारा धक्का झेलायला घोटा मोकळा नसतो, तो तुम्हाला वर फेकतो. तिचे पुढचे पाय टेकतात तेव्हा तुमच्या पायाखाली काहीच नसतं, म्हणून मान.

पकड हवी ती पोटरीच्या आतल्या बाजूची, तीही हलकी. गुडघा खोगिराला टेकलेला असावा, दाबलेला नको. टाच खाली ढकलायचीही नाही. ढकलली की घोटा ताठ होतो आणि पाय तंगाच्या पुढे जातो. चवडा रिकिबीवर ठेवा, भार मांडीतून घोट्यात उतरू द्या, टाच आपली आपण खाली जाते. बोटं जराशी बाहेर वळली तर वळू द्या. पाऊल घोडीला अगदी समांतर ठेवायचा हट्ट धरला की गुडघा पुन्हा आवळला जातो.

शिगम्यात डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी पाहिली असेल. कमरेला घोडा बांधून नाचणारा उभा असतो स्वतःच्याच पायांवर, टेकायला त्याला घोडाच नसतो. उडीत तुमचं तसं असावं. घोडी त्या क्षणी खालून नाहीशी झाली तर तुम्ही जमिनीवर उभ्या राहिल्या पाहिजेत. सध्या तुम्ही तोंडावर पडाल.

उडीत पुढे झुकायची ही बैठक इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिलीने रूढ केली. त्याच्या आधी लांब रिकिबी, ताणलेले पाय, मागे रेललेलं अंग असा थाट असे आणि उतरताना स्वार लगामाला लोंबकळत. घोड्याच्या तोंडाची दैना. काप्रिलीने रिकिबी आखूड केल्या, अंग घोड्याबरोबर पुढे नेलं आणि त्याला मान मोकळी सोडली. १९०७ साली, चाळिशीच्या आतच, घोड्यावरून पडून गेला बिचारा.

तुमचंही पहिलं काम रिकिबीचंच. पाय बाहेर काढून सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडापाशी किंवा किंचित वर यायला हवा. तुमचा बराच खाली येत असणार, असा माझा अंदाज. दोन भोकं वर घ्या. मांड्या दुखतील, दुखू द्या. खोगीरही पाहून घ्या: पुढे झुकलेल्या पाळीचं (पाळी म्हणजे पायाखाली येणारी खोगिराची कातडी बाजू), उडीचं आहे ना? सरळ पाळीच्या खोगिरात गुडघा पाळीबाहेर येतो, आणि तिथं कोणाचंच काही चालत नाही.

मग महिनाभर ते ७० सेंटिमीटर विसरा. उडी अर्ध्या सेकंदाची, तेवढ्यात पाय सुधारत नाही. आधी चालीत आणि मग दुडकीत बूड खोगिरावरून उचलून राहा. क्लबात याला टू-पॉइंट म्हणतात. बोटं आयाळीत किंवा गळपट्ट्यात, लगामाला नाही. एरवी दुडकीत एक ठोका वर, एक ठोका खाली असं करता. त्याऐवजी दोन ठोके वर, एक खाली करा. हा व्यायाम मला सगळ्यांत आवडतो, कारण यात फसवता येत नाही. पोटरी मागे गेली की दुसऱ्या ठोक्याला तुमचा तोल जातो. आपल्याकडे डोंगराच्या वाटा आहेत, त्यांवर चढ-उतार चालीतच याच बैठकीत करा. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर मात्र नको, शेवाळ्यावरून नाल घसरतो.

पाय स्थिर वाटला की जमिनीवर चार दांडे मांडा, दुडकीसाठी सुमारे १.३ मीटर अंतराने. शेवटच्या दांड्यापुढे अडीच मीटरवर बुटकी फुली, म्हणजे दोन तिरक्या दांड्यांचा अडथळा. दांडे घोडीची पावलं जुळवतात, त्यामुळे तुम्हाला आधीच उसळी घ्यायचा मोह होत नाही. तिलाच वर येऊ द्या, तुम्ही फक्त कमरेत मिटा. बिनरिकिबीच्या उड्या कोणी सुचवल्या तर सध्या नाही म्हणा. त्यात जिवाच्या भीतीने गुडघाच आवळला जातो.

मैत्रिणीच्या हातात दोरीऐवजी मोबाइल द्या. बाजूने चित्रण करायला सांगा आणि पाहताना फक्त रिकीबपट्टा पाहा. हवेत आणि उतरल्यावरच्या पहिल्या पावलात तो जमिनीला उभा लंब असला की झालं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये २३वा आलेला आपला घोडेस्वार फवाद मिर्झा उड्या मारतानाही तोच पट्टा पाहत बसा.

रविवारच घोडी मिळते, ही अडचण खरी. बाकीचे दिवस घरच्या पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा हळूहळू खाली सोडा. दिवसभर उंच टाचेच्या बुटांत उभ्या राहत असाल तर पोटरीची शीर आखडलेली असेल, आणि मग सर कितीही ओरडले तरी टाच उतरणार नाही.

प्रश्न : दोन्ही रिकिबी एकाच भोकावर असूनही डावी लांब वाटते. पट्ट्यांना बुरशीही येते. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : वाटत नाही, ती लांबच आहे. डावीकडून चढताना सगळं वजन त्याच पट्ट्यावर येतं आणि कातडं ताणलं जातं. दर महिन्याला पट्ट्यांची अदलाबदल करा आणि चढायला एखादा चिरा किंवा चौरंग घ्या. घोड्याच्या पाठीलाही ते बरं. बुरशी ओलसर फडक्याने पुसा, सॅडल सोप लावा, सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. पुसताना बकलाजवळची शिवण बघत जा, पट्टा तुटतो तो तिथंच. आणि नवं भोक हवं असेल तर चांभाराकडून पाडून घ्या, घरी खिळा ठोकून नको.