वाचकांचे प्रश्न : नोंद झालेला, पण हरवलेला इंटरप्ट

प्रश्न : पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही लिनक्स कर्नेलचे मॉड्यूल म्हणून एक छोटा हायपरव्हायजर (यंत्रात आभासी यंत्र चालवणारी प्रणाली) लिहिला आहे. डिस्कचे काम संपले की एक थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) व्हर्च्युअल प्रोसेसरसाठी ‘इंटरप्ट बाकी’, म्हणजे लक्ष वेधणारा संकेत आला आहे, हा फ्लॅग लावतो आणि प्रोसेसरचा थ्रेड झोपलेला असेल तर त्याला उठवतो. एरवी सारे सुरळीत चालते. पण अधूनमधून गेस्ट (आभासी यंत्रात चालणारी प्रणाली) हॉल्टवर, म्हणजे इंटरप्टची वाट पाहत थांबण्याच्या आज्ञेवर, अडकतो आणि कन्सोलवर एखादी कळ दाबताच पुन्हा चालू लागतो. शोध घेण्यासाठी मध्ये प्रिंट घातला, तर अडकणेच थांबते. चूक कोठे असावी?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कळ दाबल्यावर गेस्ट जागा होतो, यातच निदान आहे. इंटरप्टची नोंद झाली होती. ती वाचणारा मात्र ती न पाहताच झोपी गेला. तुमचा प्रोसेसर थ्रेड बहुधा आधी फ्लॅग तपासतो आणि तो रिकामा दिसल्यावर ‘मी झोपलो’ अशी खूण करतो. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत डिस्कच्या थ्रेडने फ्लॅग लावला, तर त्याला समोरचा जागाच दिसतो आणि उठवण्याची गरज नाही असे समजून तो निघून जातो. प्रिंटमुळे दोघांच्या वेळा पुढेमागे होतात, फट मात्र तशीच राहते. प्रिंट ठेवूनच प्रकल्प सादर करण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण परीक्षकांचे यंत्र तुमच्या यंत्राच्या वेगाने चालेलच असे नाही.

उपाय क्रम उलटण्यात आहे. प्रोसेसर थ्रेडने आधी झोपेची खूण करावी, मग फ्लॅग पुन्हा तपासावा आणि तो रिकामा असेल तरच झोपावे. डिस्कच्या थ्रेडने आधी फ्लॅग लावावा आणि मगच खूण पाहावी. पण एवढ्याने भागत नाही. एक्स८६ प्रोसेसरवरही आधीचे लेखन स्टोअर बफरमध्ये (मेमरीत पोचण्याआधी लेखन थांबते त्या जागेत) पडून असताना नंतरचे वाचन पुरे होऊ शकते, त्यामुळे कोड बरोबर लिहूनही दोघांनाही एकमेकांची जुनीच स्थिती दिसू शकते. म्हणून दोन्ही बाजूंना, लेखन आणि वाचन यांच्या मध्ये, पूर्ण मेमरी बॅरिअर (आधीचे लेखन सर्वांना दिसेपर्यंत पुढचे वाचन रोखणारी आज्ञा) हवा. एकाच बाजूला तो घालणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

2007 साली लिनक्स 2.6.20 मध्ये आलेल्या केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरचा आजचा कोड पाहिला, तर गेस्टमध्ये शिरतानाही हाच क्रम पाळलेला दिसतो. होस्टचे (म्हणजे मूळ यंत्राचे) इंटरप्ट बंद करून ‘गेस्टमध्ये आहे’ अशी स्थिती लिहिली जाते, बॅरिअर येतो आणि त्यानंतर बाकी विनंत्या शेवटच्या तपासल्या जातात. एखादी सापडली तर प्रवेश रद्द होतो. या तपासणीनंतर कोणी विनंती नोंदवली, तर त्याला ‘गेस्टमध्ये आहे’ हीच स्थिती दिसते आणि तो त्या प्रोसेसरला आयपीआय (एका प्रोसेसरने दुसऱ्याला पाठवायचा इंटरप्ट) पाठवतो. होस्टचे इंटरप्ट बंद असल्यामुळे तो आयपीआय तेथेच खोळंबतो आणि गेस्टमध्ये पाऊल पडताच प्रोसेसरला लगेच बाहेर आणतो. इंटरप्ट बंद ठेवले नसते, तर तो प्रवेशाच्या आधीच हाताळला जाऊन वाया गेला असता.

नोंद पुसण्याचा क्रमही तितकाच नाजूक आहे. इंटेलच्या पोस्टेड इंटरप्टमध्ये (गेस्टसाठीचे इंटरप्ट मेमरीत नोंदवून ठेवण्याच्या सोयीत) 256 व्हेक्टरांसाठी, म्हणजे इंटरप्टच्या क्रमांकांसाठी, 256 बिटे आणि ‘सूचना बाकी’ सांगणारे एक वेगळे बिट असते. पाठवणारा आधी व्हेक्टरचे बिट लावतो, मग सूचनेचे. सूचनेचे बिट आधीपासूनच लागलेले असेल तर तो नवी सूचना पाठवत नाही. आता घेणाऱ्याने व्हेक्टर आधी वाचले आणि सूचनेचे बिट नंतर पुसले, तर मधल्या क्षणी आलेल्या व्हेक्टरसाठी सूचना जात नाही आणि घेणाऱ्यालाही तो दिसत नाही. म्हणून सूचनेचे बिट आधी पुसतात आणि व्हेक्टर नंतर उचलतात. असे केल्याने फार तर एखादी फेरी फुकट जाते. तुमच्या फ्लॅगलाही हाच नियम लावा : आधी पुसा, मग काम करा.

दुरुस्ती पडताळण्यासाठी प्रथम जुन्या कोडमध्ये तपासणी आणि खूण यांच्यामध्ये मुद्दाम काही मिलिसेकंदांचा विलंब घाला. दोष वरचेवर दिसू लागेल. नंतर तोच विलंब नव्या कोडमध्ये खूण आणि तपासणी यांच्यामध्ये घालून पाहा. गेस्टचा टायमर नियमित टिकटिकत असेल तर तो अडकलेल्या प्रोसेसरला आपोआप उठवून दोष झाकतो, तेव्हा चाचणीपुरता तो बंद ठेवा. बॅरिअरची उणीव मात्र विलंब घालून उघडी पडत नाही, कारण तेवढ्या वेळात स्टोअर बफर रिकामा झालेला असतो. ती कोड ओळीओळीने वाचूनच तपासावी लागेल.