लाल-जांभळ्या भाज्या-फळं खाल्ल्याने मनावरचा ताण खरंच कमी होतो का?

थोडाफार होत असावा. गोळ्या विकणारे सांगतात तेवढा नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे दाजी डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहितोय.

मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशिनवर आहे. चार वर्षांपूर्वी सलग रात्रपाळी लागली होती. झोप नाही, छातीत धडधड, घरात शब्दाला शब्द. दाजी पुण्याहून आले ते ब्लूबेरीच्या अर्काची बाटली घेऊनच. ६० गोळ्या, १,२०० रुपये, आणि पैसे माझ्याकडूनच घेतले. नेमका जून होता. बायकोचं माहेर खानापूर तालुक्यात, तिकडून टोपलीभर जांभळं आलेली. मी म्हटलं, "दाजी, ब्लूबेरीचा आणि ह्याचा रंग एकाच जातीचा, अँथोसायनिन. मग हेच खातो की." दाजी हसले. "रानातलं खाऊन टेन्शन जातंय होय? मग खानापूरवाले सगळे साधू झाले असते." सगळ्यांसमोर. बायकोच्या माहेरावर! तिनं त्या दिवशी दाजींना दुसरा चहा विचारला नाही.

मीही हट्टाला पेटलो. रोज ओंजळभर जांभळं, जेवणात आमसुलाचं सार (त्या सालीत तोच रंग) आणि लाल माठ. माठाचा लाल मात्र वेगळा, बीटाच्या जातीचा. उकडून पाणी ओतून दिलं की रंग मोरीत. गाजराचं उलट. त्याला फोडणीचं तेल लागतं, नाहीतर त्यातला नारिंगी रंग, कॅरोटीन, नीट अंगी लागत नाही. पंधरा दिवसांत मला गाढ झोप लागायला लागली. बाटलीचं सील अजून फोडलेलं नाही.

अभ्यास म्हणाल तर ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातला २०१७ चा आहे. मुलांना आणि तरुणांना ब्लूबेरीचं पेय पाजून दोन तासांनी मूड तपासला. आनंद वाढला, पण उदासपणा होता तिथंच राहिला. माणसंही सत्तरएकच. दाजी एवढंच वाचतात, "आनंद वाढला".

तेव्हा गोळ्यांच्या नादाला लागू नका. सीझनला बाजारात (आमच्याकडं गणपत गल्लीत) जे जांभळं-लाल दिसेल ते घ्या. मन फारच खचलं असेल तर मात्र भाजीवालीकडं नको, डॉक्टरकडं जा.

आणि हो, त्याच पंधरवड्यात माझी रात्रपाळी सुटून जनरल शिफ्ट लागली होती. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.