रसग्रहण सुचत नाही

प्रश्न : मॅडम, मी शिरपूर तालुक्यातली, बारावीला आहे. घरी अहिराणीच बोलतो. इंग्रजी कवितांचं गाईड पाठ करते, पण पेपरात कविता समोर आली की रसग्रहण सुचत नाही.

उत्तर : पोरी, गाईड आठवडाभर बाजूला ठेव. सरोजिनी नायडूंची विणकरांवरची कविता घे. तीनच कडवी. पहाटे विणकर तान्ह्या बाळाचं निळं वस्त्र विणतात, संध्याकाळी राणीसाठी जांभळा-हिरवा लग्नाचा शेला, आणि थंड चांदण्यात पांढरं कफन. हे सगळं मायला अहिराणीत सांग, कापूस वेचून आल्यावर, भाकरी थापताना.

मी बारावीत असताना आजीला असंच सांगितलं होतं. ती गोधडीला टाके घालत होती. कफनाशी आले तशी तिची सुई थांबली. म्हणाली, "म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत कापडच." तेच त्या कवितेचं मर्म. गाईडात ते चार ओळींत होतं, मला कधीच उमगलं नव्हतं.

मग वहीत तुझ्या साध्या इंग्रजीत पाच वाक्यं लिही. ‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ जिथे दिसतील तिथे पेन्सिलने खूण कर, उपमा तिथेच सापडतात. मोराची पिसं, पांढरा ढग. प्रत्येक कडव्यात विणकरांना प्रश्न आहे, तोही उत्तरात आण. कवयित्रीचं चरित्र लिहीत बसू नकोस.

लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. लेखनाच्या प्रश्नांचा सराव रोज एक, पुरे. तोंडी परीक्षेसाठी मात्र ही कविता मोठ्याने वाच, मायसमोरच.