साथीदारांकडे कान लावा

प्रश्न : मुलाने अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ ऐकवलं आणि मी त्यात अडकलोच. आता पुढे काय ऐकू? सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतातली जेम्स ब्राऊन, अरीथा फ्रँकलिन ही मोठी नावं ठाऊक आहेत. मला त्यांच्यामागे झाकली गेलेली माणसं हवी आहेत.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : गायकांची यादी देण्याआधी एक सुचवतो. अल ग्रीनच्या मागे कोण वाजवतंय, तिकडे कान लावा. मी इंदुरात उभा जन्म तबल्याची साथ केली, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं. या बाबतीत तोच रस्ता बरोबर आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्या रेकॉर्ड मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सच्या. कंपनी १९५७ची, सुरुवातीला वाद्यसंगीतावर चाललेली. पुढे विली मिचेल हा ट्रंपेटवादक तिथे आला आणि १९७०च्या सुमारास कारभार त्याच्या हातात गेला. स्टुडिओचं नाव रॉयल. मूळचं सिनेमा थिएटर, त्यामुळे जमीन उतरती. गिटारवर टीनी हॉजेस, बेसवर लेरॉय, ऑर्गनवर चार्ल्स, हे तिघे सख्खे भाऊ. ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स, नाहीतर अल जॅक्सन. गायक बदलत राहिले, मागची बैठक बहुतेक हीच.

‘लव्ह अँड हॅपिनेस’ (१९७२) लावा. आधी गिटार आणि गळा, मग पायाने दिलेले ठोके स्पष्ट ऐकू येतात आणि तिथून लय सुरू होते. ती शेवटपर्यंत इकडची तिकडे होत नाही. ड्रमर कुठे हात दाखवत नाही. गायक अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ताल ऐकलेल्या इंदूरकराला साधा ठेका धरून बसणं किती अवघड असतं, हे मी काय सांगू! हे गाणं अल ग्रीन आणि टीनी हॉजेस या दोघांनी मिळून केलेलं आहे. साथीदाराचं नाव गाण्यावर असणं मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमची झाकली माणसं. पहिली अ‍ॅन पीबल्स. ‘आय कान्ट स्टँड द रेन’ (१९७३) सुरू होतं ते इलेक्ट्रिक टिंबाली या ड्रमसारख्या वाद्यावर टपटपणाऱ्या सुरांनी. पावसाळी संध्याकाळी कार्यक्रमाला निघताना ती वैतागून हेच बोलली आणि त्यावरून तिने, डॉन ब्रायंटने आणि बर्नार्ड मिलरने गाणं बांधलं. ब्रायंट हा हायचाच गीतकार, १९७४ साली तिचा नवरा झाला. गळा त्याचाही उत्तम, पण दुसऱ्यांसाठी लिहिण्यात वर्षं गेली. २०१७ साली, पंचाहत्तरीच्या आसपास, त्याचा अल्बम आला. तो ऐकाच.

माझा सगळ्यात आवडता मात्र ओ. व्ही. राइट. गॉस्पेलमधून, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांमधून आलेला, आवाजात कळवळा. ‘ए निकल अँड अ नेल’ (१९७१) बॅक बीट या दुसऱ्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडून) निघालं, पण मिचेल तोच आणि वादकही तेच. एकेकाळी पैसा पाहिलेल्या माणसाच्या खिशात आता एक नाणं आणि एक खिळा उरलाय, आणि लोकांना ते कळू नये म्हणून त्याची धडपड चाललीय. ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) मध्येच उसळून येतो, राइट त्याच्यावर चढून ओरडतो आणि पुन्हा खाली येतो. १९८० साली, चाळिशी जेमतेम ओलांडून, तो गेला. त्याला मिळायला हवं होतं ते नाव त्याला मिळालं नाही, हे मी ठासून सांगतो.

सिल जॉन्सन शिकागोचा. हायमध्ये येण्याआधी तिथल्या ट्वायनाइट या छोट्या लेबलवर होता. त्याचं ‘टेक मी टू द रिव्हर’ (१९७५) आणि अल ग्रीनचं त्याआधीचं, दोन्ही पाठोपाठ लावा. गाणं एक, घर एक. सिलने हार्मोनिका घातली आहे आणि तो शब्द जास्त खरखरीत फेकतो. गायक बदलला की साथ कशी वळते, ते तुम्हाला आपोआप कळेल. ओटिस क्लेही ऐका. जपानी रसिकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

१९७७ साली कंपनी विकली गेली. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत शोधा, निराशा होणार नाही.

प्रश्न : हीच गाणी जुन्या ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) छोट्या तबकड्यांवर घ्यावीत का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हौस असेल तर जरूर. अमेरिकन छोट्या तबकडीचं मधलं भोक मोठं असतं, अडॅप्टर लागतो. घेण्याआधी दिव्याखाली तिरपी धरून पाहा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर घेऊ नका. वरवरचा असेल तर बहुधा चालून जातो. केवळ ऐकायचं असेल तर नव्याने काढलेले एलपी (मोठ्या तबकड्या) चांगले निघतात, आणि त्यांच्या पाकिटावर वादकांची नावं बहुधा छापलेली असतात.